जॉर्ज सायमन ओहम : एका शाळामास्तरांनी लावलेला शोध (जीवनचरित्र)



प्रोजेक्टचं सामान आणायला गेलात की तुम्ही दुकानदाराला २२० ओहमचे चार रेझिस्टर मागता. तेव्हा आपण एका माणसाचं नाव घेतोय हे लक्षात येत नाही. ओहम हे आडनाव आहे. हा माणूस आयुष्याची कितीतरी वर्षं शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होता. आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

थोडक्यात परिचय

पूर्ण नाव : जॉर्ज सायमन ओहम
जन्म : १६ मार्च १७८९, एर्लांगेन (आजच्या जर्मनीत)
वडील : योहान वोल्फगांग ओहम, कुलपे बनवणारे कारागीर
भाऊ : मार्टिन ओहम, गणितज्ञ
कार्य : ओहमचा नियम
प्रसिद्ध ग्रंथ : विद्युत परिपथाचा गणिती अभ्यास (१८२७)
मृत्यू : ६ जुलै १८५४, म्युनिक

आधी माझी एक चूक

ओहम यांच्याकडे वळण्याआधी एक प्रसंग सांगते, कारण त्यांचं चरित्र मी नीट वाचलं ते या प्रसंगानंतर.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेने आपोआप झाकण उघडणारी कचरापेटी ठेवली होती. हात जवळ नेला की सेन्सरला कळायचं, आर्डुइनो बोर्ड छोट्या सर्व्हो मोटरला आज्ञा द्यायचा आणि झाकण वर व्हायचं. शाळेत महिनाभर सगळं छान चाललं होतं. प्रदर्शनात मात्र परीक्षक समोर आले आणि झाकण थरथरायला लागलं. अर्धवट उघडायचं, पडायचं. बोर्डवरचा दिवा विझायचा, पुन्हा लागायचा. प्रोग्राम दर वेळी पहिल्यापासून सुरू होत होता.

सातवीतल्या ज्या मुलीने हे सगळं जोडलं होतं, तिला मी सर्वांसमोर बोलले. तूच प्रोग्राममध्ये काहीतरी बदललंस, वायर नीट खोचली नाहीस, असं बरंच काही. तिने काहीही बदललं नव्हतं. बदलली होती एकच गोष्ट, आणि तीही मीच. शाळेत बोर्ड लॅपटॉपच्या केबलवर चालायचा. प्रदर्शनात लॅपटॉप नको म्हणून मी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणून दिली होती.

मुलीचं चुकलं नव्हतं, प्रोग्रामचंही नाही. बॅटरीला मोटरचा भार पेलत नव्हता. गंमत म्हणजे साधारण दोनशे वर्षांपूर्वी ओहम यांचा पहिला मोठा प्रयोग नेमका असाच फसला होता.

बालपण : वडीलच पहिले गुरुजी

जॉर्जचे वडील कुलपे बनवायचे. शाळेत फारसे गेले नव्हते, पण स्वतःच्या कष्टाने त्यांनी वाचन केलं आणि गणित व विज्ञान बरंच आत्मसात केलं. आई शिंप्याची मुलगी होती. जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच ती वारली. या घरात सात मुलं जन्मली, त्यातली तीनच मोठी झाली. जॉर्ज, त्याच्यापेक्षा लहान मार्टिन आणि एक बहीण.

आई गेल्यावर वडिलांनी कामाचा व्याप सांभाळून दोन्ही मुलांना घरीच शिकवलं. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान असं सगळं. अकराव्या वर्षी जॉर्ज शाळेत गेला, पण तिथलं पाठांतर त्याला फारसं रुचलं नाही. पंधराव्या वर्षी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी त्याची परीक्षा घेतली आणि त्याची गणितातली समज पाहून ते थक्क झाले. एका कारागिराने आपल्या मुलांना इतकं शिकवलं होतं!

वडिलांच्या कामामुळे जॉर्जला आणखी एक गोष्ट मिळाली. धातू कापणं, घासणं, बारीक भाग जुळवणं ही हातातली कला. पुढे प्रयोगाची उपकरणं स्वतः बनवताना हीच कला कामी आली.

वडिलांचा राग आणि परक्या गावची नोकरी

१८०५ साली जॉर्ज एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाला. मुलांनो, तोही तुमच्यासारखाच होता बरं का! अभ्यास बाजूला राहिला आणि नाच, बर्फावरचं स्केटिंग, बिलियर्ड्स यात दिवस जाऊ लागले. वडिलांना हे कळलं तेव्हा ते भयंकर संतापले. जी संधी आपल्याला मिळाली नाही ती मुलगा वाया घालवतोय, हे त्यांना सहन होईना. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबलं आणि १८०६ मध्ये जॉर्जला स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून पाठवण्यात आलं. वय होतं सतरा वर्षं.

या नोकरीने मुलगा बदलला. दिवसभर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात मोठमोठ्या गणितज्ञांचे ग्रंथ स्वतः वाचायचे, असा क्रम सुरू झाला. १८११ साली तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली.

शिक्षकाची ओढाताण

डॉक्टर झाले म्हणून पोटाचा प्रश्न सुटला नाही. विद्यापीठात शिकवण्याचे पैसे इतके कमी मिळत की दीड वर्षात ते सोडावं लागलं. १८१३ पासून ओहम बाम्बर्ग गावातल्या एका शाळेत शिकवू लागले. शाळेचा दर्जा बेताचाच होता. १८१६ मध्ये ती बंदच पडली आणि त्यांना दुसऱ्या गर्दीच्या शाळेत पाठवलं गेलं.

या दिवसांत त्यांनी भूमितीवर एक पुस्तक लिहिलं आणि ते प्रशियाच्या राजाला पाठवून दिलं. १८१७ मध्ये त्यांना कोलोन शहरातल्या चांगल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा मिळाली. या शाळेत प्रयोगशाळा होती, तीही उत्तम साहित्य असलेली. शाळा सुटली की ओहम तिथे जाऊन बसत. स्वतः शिकण्यासाठी प्रयोग करत.

प्रश्न काय होता?

१८०० साली इटलीच्या व्होल्टा यांनी बॅटरी जगासमोर आणली. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवलं की तारेतून विद्युतधारा वाहते तेव्हा जवळची चुंबकसूची हलते. म्हणजे विजेचा उगम मिळाला होता आणि वीज वाहते आहे हे ओळखायचं साधनही मिळालं होतं. पण हिशोब कुणाकडेच नव्हता. तार दुप्पट लांब केली तर धारा किती कमी होईल? जाड तार घेतली तर किती वाढेल? धातू बदलला तर? हे मोजून सांगायचं ओहम यांनी ठरवलं.

पहिला प्रयोग फसला

ओहम यांनी व्होल्टाच्या पद्धतीची बॅटरी घेतली. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसूची किती वळते ते पाहिलं. अडचण अशी झाली की बॅटरी स्थिर राहीच ना. तार जोडल्याबरोबर जोर एकदम जास्त दिसायचा, मग उतरत जायचा. तार काढून थोडा वेळ थांबलं की बॅटरी पुन्हा ताजीतवानी. आता सांगा, सूची कमी वळली ती तार लांब होती म्हणून, की बॅटरी थकली म्हणून? वेगळं कसं काढायचं?

तरीही १८२५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापले. त्यात एक सूत्रही दिलं होतं. ते सूत्र चुकीचं होतं.

इथे मला आमची कचरापेटी आठवते. मीही तेच केलं होतं. उगम ठीक आहे असं गृहीत धरलं आणि दोष दुसरीकडे शोधला.

उकळतं पाणी आणि बर्फ

ओहम यांनी मात्र हट्ट धरला नाही. ज्या मासिकात त्यांचे लेख येत, त्याचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना एक सूचना केली. बॅटरीऐवजी तापयुग्म वापरून पाहावं. तापयुग्म म्हणजे दोन वेगळ्या धातूंची जोडी. या धातूंचा एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला की परिपथात वीज वाहते. हा शोध सीबेक यांनी थोड्याच वर्षांपूर्वी लावला होता.

ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे हे धातू घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. किती साधी युक्ती आहे पाहा! पाणी उकळतंय तोवर त्याचं तापमान वाढत नाही, बर्फ वितळतोय तोवर त्याचंही बदलत नाही. दोन्हीतला फरक कायम, म्हणून विजेचा जोरही कायम. जोर अगदी थोडा होता, पण तो डळमळत नव्हता.

मग त्यांनी सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. सर्वांत आखूड तार २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. चुंबकसूची बारीक पट्टीला टांगली होती. सूची वळली की पट्टीला पीळ देऊन तिला पुन्हा जागेवर आणायचं आणि किती पीळ द्यावा लागला ते लिहून ठेवायचं. जितका पीळ जास्त तितकी धारा जास्त.

१८२६ मध्ये आकडे जुळले. सूत्र सोप्या शब्दांत असं :

विद्युतधारा = उगमाचा जोर ÷ (आतला रोध + बाहेरचा रोध)

पाठ्यपुस्तकात आपण हा नियम आणखी सोपा करून शिकतो. तापमान आणि वाहकाची इतर भौतिक अवस्था कायम असताना वाहकातून वाहणारी धारा त्याच्या दोन टोकांमधल्या विभवांतराशी समानुपाती असते. विभवांतर = धारा × रोध. पण ओहम यांच्या मूळ सूत्रातला तो आतला रोध विसरू नका. उगमाच्या पोटातही रोध असतो, हे त्यांनी तेव्हाच हिशोबात धरलं होतं. पुढे याचं काम पडणार आहे.

शोध लागला, पण मान मिळाला नाही

१८२६ मध्ये ओहम यांनी अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा काढली आणि ते बर्लिनला भावाकडे गेले. तिथे बसून त्यांनी आपला ग्रंथ पूर्ण केला. १८२७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या पुस्तकाने आपल्याला विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्यांना आशा होती.

झालं उलटंच. ग्रंथात गणित फार होतं आणि भौतिकशास्त्रात इतकं गणित त्या काळच्या अनेक जर्मन विद्वानांना पटत नव्हतं. काहींनी कडक टीका केली, बाकीच्यांनी दखलच घेतली नाही. दुखावलेल्या ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये थोडे तास गणित शिकवून त्यांनी दिवस काढले. वयाची चाळिशी आली, लग्न केलं नव्हतं, पक्की नोकरी नव्हती. आणि ज्या नियमावर उद्या सगळी विद्युत अभियांत्रिकी उभी राहणार होती, तो त्यांच्या पुस्तकात पडून होता.

१८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना प्राध्यापकपद मिळालं. हळूहळू इतर देशांत त्यांचं काम वाचलं जाऊ लागलं. तारायंत्रासारखी कामं करणाऱ्यांना धारेचा हिशोब हवाच होता. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना मानाचं कोप्ली पदक दिलं आणि पुढच्या वर्षी परदेशी सदस्य करून घेतलं. मायदेशी मात्र विद्यापीठातली खुर्ची मिळायला आणखी दहा वर्षं गेली. १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे मुख्य प्राध्यापक झाले. तरुणपणापासूनची इच्छा पूर्ण झाली आणि दोनच वर्षांत, १८५४ मध्ये, त्यांचं निधन झालं.

१८८१ साली पॅरिसला विद्युत शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. विभवांतराला व्होल्ट, धारेला अँपिअर आणि रोधाला ओहम ही एककं तिथे मान्य झाली. ते पाहायला ओहम नव्हते.

ओहम आपल्या प्रोजेक्टमध्ये

आता कचरापेटीकडे परत येऊ. ओहम यांच्या सूत्राने आपण तिचा आजार शोधू शकतो.

समजा, बॅटरी ९ व्होल्टची आहे आणि तिचा आतला रोध ८ ओहम आहे. नुसता सेन्सर चालू असताना धारा लहान असते, म्हणून काही बिघडत नाही. मोटर सुरू होते त्या क्षणी समजा ०.४ अँपिअर धारा लागली. बॅटरीच्या पोटातच ०.४ × ८ = ३.२ व्होल्ट खर्च झाले. बाहेर उरले ५.८ व्होल्ट. आर्डुइनो ऊनो बोर्डला त्या खाचेतून निदान ७ व्होल्ट द्यावेत अशी शिफारस असते. विभवांतर घसरलं की चिप बंद पडते. मोटर थांबली की बॅटरी सावरते आणि चिप पुन्हा सुरू होते. थरथरीचं कारण हेच. मोकळ्या बॅटरीला मल्टिमीटर लावला तर तो ९ व्होल्टच दाखवतो, म्हणून आपण फसतो. भार चालू ठेवून मोजायला हवं.

आम्ही मग काय केलं? मोटरसाठी पेन्सिल सेल चार वेगळे लावले, बोर्डला पॉवर बँक दिली आणि दोन्हींच्या निगेटिव्ह बाजू एकमेकींना जोडल्या. झाकण एकदाही थरथरलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांसमोर मी त्या मुलीची माफी मागितली. रागावले होते सर्वांसमोर, मग माफीही सर्वांसमोरच मागायला हवी होती.

वीज जपून वापरण्याचे चार धडे

१) जास्तीचे व्होल्ट म्हणजे जास्त काम असं नाही. ऊनो बोर्ड ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो, तेव्हा मधले ४ व्होल्ट उष्णतेत जातात. दर ९ भागांतले ४ भाग वायाच!

२) एलईडीचा रोध विचार करून निवडा. ५ व्होल्टवर लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरले ३. रेझिस्टर २२० ओहमचा असेल तर धारा सुमारे १४ मिलीअँपिअर, १००० ओहमचा असेल तर फक्त ३. नुसती खूण म्हणून दिवा हवा असेल तर ३ पुरतात.

३) चिपला झोपू द्या. समजा, सेलची क्षमता २००० मिलीअँपिअर-तास आहे. ५० मिलीअँपिअर सतत घेणारा बोर्ड ४० तासांत सेल संपवेल. परसबागेतल्या मातीचा ओलावा मोजायला सतत जागं राहायची गरजच काय? नुसती चिप ब्रेडबोर्डवर लावली, ती दर मिनिटाला २ सेकंद जागी राहून १५ मिलीअँपिअर घेते आणि बाकी वेळ जवळजवळ काहीच घेत नाही असं धरा. सरासरी पडते अर्धा मिलीअँपिअर. २००० ÷ ०.५ = ४००० तास, म्हणजे कागदावर साडेपाच महिने. प्रत्यक्षात सेल आपोआपही थोडे उतरतात, म्हणून कमी धरा. पूर्ण बोर्ड झोपवला तरी त्यावरचा पॉवरचा दिवा आणि इतर भाग वीज घेतच राहतात, हेही ध्यानात ठेवा.

४) पॉवर बँक प्रत्येक ठिकाणी चालत नाही. धारा फारच कमी असेल तर काही पॉवर बँका मोबाइल काढून घेतला असं समजून स्वतःच बंद होतात. झोपणाऱ्या प्रोजेक्टला सेलच बरे.

सूचना : बॅटरीची दोन टोकं तारेने थेट जोडू नका. लिथियमचे सुटे सेल मोठ्यांच्या मदतीशिवाय हाताळू नका. भिंतीतल्या सॉकेटवर प्रयोग अजिबात नकोत.

ओहम यांच्याकडून काय घ्यायचं?

नियम तर घ्यायचाच, परीक्षेत येतो! पण मला त्यांचं १८२५ ते १८२६ हे एक वर्ष जास्त मोलाचं वाटतं. आकडे जुळेनात तेव्हा त्यांनी निसर्गाला दोष दिला नाही आणि छापून आलेल्या चुकीच्या सूत्राला चिकटूनही बसले नाहीत. आपण कशाच्या बळावर मोजतोय, तो उगमच आधी तपासला. शिक्षक मित्रांनो, वर्गात एखादं मूल अडतं तेव्हा आपणही आधी आपण काय दिलं ते तपासावं, दोष नंतर द्यावा. मी तरी आता तसं करायला शिकते आहे.

स्वाध्याय

१) ओहम यांना उपकरणं बनवण्याची कला कोणाकडून मिळाली?

२) पहिल्या प्रयोगात व्होल्टाची बॅटरी का उपयोगी पडली नाही?

३) उकळतं पाणी आणि बर्फ वापरल्याने उगम स्थिर कसा झाला?

४) बॅटरी ६ व्होल्टची, आतला रोध १ ओहम आणि धारा ०.५ अँपिअर असेल तर बाहेर किती व्होल्ट मिळतील? (उत्तर : ५.५ व्होल्ट)

५) उपक्रम : एका सेलला मल्टिमीटर लावा. आधी मोकळा सेल मोजा, मग छोटी मोटर चालू असताना मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि फरक का पडला ते आपल्या शब्दांत सांगा.